मोजून हरेन

"तू केलेले वेगळ्या ताटात ठेवते हं," काकू म्हणाल्या.

जे. पी. नगरातला आमच्या मराठी मंडळाचा हॉल. गणपतीचा दुसरा दिवस. मागच्या स्वयंपाकघरात आम्ही सात-आठ जणी उकडीचे मोदक करत होतो. मी पहाटे उठून, डोक्यावरून अंघोळ करून, आईची इरकल नेसून आले होते. माझ्या मोदकांना कळ्या छान पडत होत्या. आमच्या घरात हे मोदक कधी झालेच नाहीत. मी व्हिडिओ बघून शिकले होते आणि, खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता.

काकू म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी. सगळ्यांच्याच काकू. त्यांनी माझे मोदक केळीच्या पानावरून एकेक करून उचलले आणि स्टीलच्या ताटात काढले.

"हे मुलांना होतील. नैवेद्याचे आम्ही करतो. तू उगाच त्रास घेऊ नकोस."

"त्रास नाही काकू."

"नाही गं, नैवेद्याचं जरा वेगळं असतं. तू बाहेर बघ ना. बाबांना खुर्च्या मांडायला मदत कर."

आवाज साखरेत घोळलेला. बाकीच्या जणींच्या माना एकदम खाली. जणू उकडीत काहीतरी हरवलं होतं आणि सगळ्या ते शोधत होत्या.

माझ्या शेजारी सायली होती. पुण्याची मुलगी, महादेवपुऱ्याला राहते, आयटीत आहे. रात्रपाळी संपवून थेट आली होती, जीन्स घालून, एका कानात इयरफोन. तिचे मोदक कांद्यासारखे होत होते. ते नैवेद्यात गेले. तिला अंघोळ केलीस का, असंही कुणी विचारलं नाही. फरक एवढाच, की तिचं आडनाव वेगळं आणि माझं वेगळं.

या कानडी शहरात भाड्याने घर बघायला गेलं की घरमालक व्हेज की नॉनव्हेज विचारतात. मंडळात आडनाव विचारतात. ते ऐकलं की समोरचा "अच्छा" म्हणतो. त्या एका "अच्छा"मध्ये त्याने आमचं गाव, गावाबाहेरची आमची वस्ती, सगळं बघून घेतलेलं असतं. मग तो फार गोड वागतो. उघड शिवी दिली असती तर मी तिथेच उलट दिली असती. गोडपणाला काय उलट द्यायची?

मी हात धुतले. बाहेर गेले. खुर्च्या मांडल्या.

बाबा तिथे होतेच. ते नेहमीच तिथे असायचे. सरकारी कारखान्यात फिटर म्हणून सोलापूरकडून इथे आले, तेव्हापासून मंडळाचे सभासद. इथे मराठी ऐकायला मिळायचं ते याच हॉलमध्ये. आई गेल्यानंतर तर त्यांना दुसरी जागाच उरली नाही. सतरंजी घाला, माईक लावा, खुर्च्या मांडा, खुर्च्या उचला. "मारुतीशिवाय मंडळाचं पान हलत नाही," असं सगळे म्हणायचे. बाकीचे सगळे सर, साहेब, काका. बाबा नुसते मारुती. निवृत्त झाले, केस पांढरे झाले, गुडघे गेले. तरी मारुतीच. ज्याच्याशिवाय पान हलत नाही त्याला कार्यकारिणीत मात्र कधी कुणी घेतलं नाही.

दुपारी माझे मोदक मुलांनी खाल्ले. एक मुलगा म्हणाला, "हे मस्त आहेत, अजून द्या." काकू हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्याने माझं रक्त जे तापलं ते आजवर निवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मोदकावरून एवढं! मोदकावरून नाही. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत. मी सांगितलं की काम पुढे सरकतं, मी नाही म्हटलं की थांबतं. आणि रविवारी माझ्याच भाषेच्या माणसांत आले की मी पुन्हा वेशीबाहेर. वर त्याला नाव काय, तर "आपली माणसं".

आणखी एक सांगायचं राहिलं. दरवर्षी एप्रिलमध्ये जयंती आली की अध्यक्षांचा मला फोन येतो. "जयंतीला तुझ्याशिवाय कोण बोलणार?" ज्या माणसाने सगळ्या देशाची घटना लिहिली, त्याच्याबद्दल बोलायला सगळ्या मंडळात आडनाव बघून मीच सापडते. मीही बोलायचे. गेल्या एप्रिलला मी आजीची गोष्ट सांगितली.

इंग्रजांच्या काळात मत असायचं ते जमीनवाल्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. माझ्या पणजोबांकडे यातलं काहीच नव्हतं. मग देश स्वतंत्र झाला, आणि मग सगळ्यांना एकाच वेळी मत मिळालं. पाटलाला एक, आजीला एक. पहिल्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी पाटील वस्तीवर येऊन सांगून गेला, कुठल्या पेटीत टाकायचं ते. दुसऱ्या दिवशी आजी रांगेत उभी राहिली. पुढे पाटलीणबाई, मागे आजी. विहिरीवर जिची सावली चालत नव्हती ती त्याच रांगेत. आणि आजी सांगायची, "पडद्याआड गेले तर पाटील आतच आला नाही गं. येताच येत नव्हतं त्याला." आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाला न विचारता काहीतरी केलं. कुठल्या पेटीत टाकलं, ते तिने मरेपर्यंत आजोबांनाही सांगितलं नाही.

टाळ्या पडल्या. अध्यक्ष सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "काय शुद्ध मराठी बोलते ही! वाटतच नाही."

काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. हॉलमध्ये ते सगळ्यांना कळलं.

दिवाळीनंतर वार्षिक सभेची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. कार्यकारिणीची निवड, सर्वांनी यावे, नंतर भोजन. ही निवड कशी होते ते मी लहानपणापासून बघत आलेय. आधीच्या रविवारी सरांच्या घरी मोजकी माणसं जमतात. मिसळ होते. नावं ठरतात. सभेत सर ती नावं वाचतात, लोक टाळ्या वाजवतात आणि जेवायला उठतात. त्यानंतर सर दरवर्षी छाती फुगवून एक वाक्य म्हणतात, "आपल्या मंडळाची परंपरा आहे, आजवर इथे एकदाही निवडणूक झालेली नाही." आणि लोक पुन्हा टाळ्या वाजवतात. निवडणूक न होण्याचा अभिमान! रस्त्यापलीकडच्या शाळेत मतदान असलं की हीच माणसं बोटाची शाई दाखवत फोटो टाकतात.

मी सचिवपदासाठी अर्ज करायचं ठरवलं. नियमाप्रमाणे एक सूचक आणि एक अनुमोदक हवा होता. सायलीला फोन केला. मी काही सांगायच्या आत तीच म्हणाली,

"त्या दिवशी मोदकांचं… मला तेव्हा क्लिकच झालं नाही. घरी गेल्यावर कळलं. सॉरी यार."

"सॉरी राहू दे. सही करशील?"

"करते. कुठे यायचं सांग."

दुसऱ्या सहीसाठी मी नागोजी अण्णांकडे गेले. त्यांचं जुन्या पेठेत पितळी भांड्यांचं दुकान. त्यांचं घराणं या शहरात किती पिढ्यांचं, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांची मराठी कानडी वळणाची म्हणून मंडळातले पुणेकर तोंडावर हात धरून हसतात. तेही कधी कार्यकारिणीत नव्हते. मी सगळं सांगितलं. ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "स्वल्प थांबा अण्णा," आणि माझ्याकडे वळले.

"पडशील, अक्का."

"माहीत आहे."

"तरी उभी राहतीस?"

"राहते."

"सरी, बरं. दे इकडं पेन."

अर्ज दिला त्याच आठवड्यात सर आमच्या घरी आले. एवढ्या वर्षांत मंडळाचा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा आला. बाबांची धांदल उडाली. त्यांनी स्वतः खुर्ची पुसली. मी चहा केला. सर चहा प्यायले, हे मान्य केलं पाहिजे. चांगला झालाय, असंही म्हणाले.

मग मुद्द्यावर आले.

"अगं, तू आपलीच आहेस. आपल्यात हे अर्ज, मतं, कशाला? निवडणूक आली की गट पडतात. सचिवपदाचं आम्ही ठरवलंय, चांगला मुलगा आहे, एनर्जेटिक. तुला सांस्कृतिक समितीत घेतो ना. नुसतं सांगायचं होतंस."

"तो मुलगा मंडळात कधी आला, सर?"

"गेल्या वर्षी. पण त्याचा विषय नाहीये हा."

"मग माझा आहे का?"

सरांनी कप खाली ठेवला. आवाज तसाच मऊ. "हे बघ, तू हरशील. सगळ्यांसमोर हरशील. तुला वाईट वाटेल, मारुतीला वाईट वाटेल. मला ते नकोय."

"हरेन, सर. पण मोजून हरेन. आजवर आम्ही न मोजताच हरत आलोय."

"तू फार कडवट झालीस."

"आणि येत्या जयंतीला तुमच्यापैकी कुणीतरी बोला. मी बोलणार नाही. घटना सगळ्यांची आहे ना, मग भाषण माझ्या एकटीचंच का?"

सर उठले. दारात बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मारुती, समजाव तिला."

दार लागलं आणि बाबांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या बापाने, माझ्यापुढे.

"मागे घे बाई अर्ज. माझी तिथली चार माणसं आहेत. तेवढीच आहेत. तीही तुटली तर मी रविवारी जाऊ कुठे?"

हे मात्र मला लागलं. सरांचं काही लागलं नव्हतं. मी नाव कमवायला निघाले होते आणि किंमत बाबा मोजणार होते. हॉलवर बोलावणं बंद झालं तर ते दिवसभर त्या दोन खोल्यांत भिंतीकडे बघत बसणार होते, आणि मी ऑफिसात असणार होते. माझा राग मोठा की त्यांचा रविवार? मला खरंच कळेना. ओठांवर आलं होतं, बरं, घेते मागे.

आणि तेवढ्यात माझं लक्ष गेलं. बाबा अजून उभेच होते. सर आल्यापासून जाईपर्यंत ते भिंतीला टेकून उभे होते. घरात खुर्च्या तीन. माणसंही तीनच.

"बाबा, आपल्याच घरात तुम्ही उभे होता."

"हं?"

"ते बसले. मी बसले. तुम्हाला कुणी बसू नका म्हटलं नव्हतं. तरी तुम्ही बसला नाहीत."

बाबा सरांचा कप उचलून आत गेले. जेवले नाहीत. अर्ज मागे घे, असं मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

सभेपर्यंत फोन येत राहिले. कुणी म्हणे, जात कशाला मध्ये आणतेस. मी जातीचा शब्दही काढला नव्हता. कुणी म्हणे, परक्या राज्यात मराठी माणसाने एकत्र राहायचं असतं. म्हणजे मी गप्प राहिले की एकी, बोलले की फूट. छान हिशोब आहे. एक जण म्हणाला, "तुम्हा लोकांना सगळीकडे राखीव जागा लागते." मी म्हटलं, "राखीव तर तुमची आहे. मी खुल्या जागेवर अर्ज भरलाय." त्याने फोन ठेवला.

सभेला हॉल भरला. एवढी गर्दी गणपतीलाही नसते. तमाशा बघायला सगळ्यांना वेळ असतो. बाबा सवयीने खुर्च्यांच्या चळतीकडे निघाले. मी त्यांचा हात धरला. "आज नको." ते पुढच्या रांगेत बसले, अंग चोरून, दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखे.

सर बोलायला उभे राहिले. परंपरा. कुटुंब. सलोखा. मग माझ्याकडे बघून, "एक अर्ज आलाय. मी आपल्या या कन्येला सगळ्यांच्या वतीने विनंती करतो, तिने तो मोठ्या मनाने मागे घ्यावा."

मोठं मन. ते नेहमी आमच्याकडेच मागितलं जातं.

"मागे घेत नाही," मी म्हणाले.

हॉलमध्ये कुजबूज. सरांच्या कपाळावर आठी. पण माणूस हुशार. "ठीक आहे. मग हात वर करून घेऊ. पाच मिनिटांत होईल. जेवणं खोळंबलीयत."

"हात वर करून नाही. चिठ्ठ्या घ्या."

"का? आपल्यात काय लपवायचंय?"

मी उभी राहिले आणि बोलले. "सर, इथल्या अर्ध्या लोकांना नोकरीत तुमची ओळख लागते. बाकीचे तुमच्या सोसायटीत राहतात. काकूंच्या समोर कोण हात वर करणार? मत द्यायचं तर माणूस एकटा पाहिजे."

"हा अपमान आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. "सरांचा अपमान!"

"बस खाली!"

"माफी माग!"

माझ्या पाठीमागून, पुढून, सगळीकडून आवाज. सायली उठली, "तिला बोलू द्या ना," म्हणाली, पण तिचा आवाज कुठे पोचला नाही. सरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. मग ते हळूच पुढच्या रांगेकडे वळले. मला कळलं ते काय करणार आहेत.

"मारुतीराव," ते म्हणाले, "तुम्हीच सांगा. तुम्ही जुने आहात. हे तुम्हाला पटतंय का?"

मारुतीराव! इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा बाबांच्या नावाला राव लागला. गरज पडली तेव्हा.

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांनी आता हात जोडले असते तर माझं सगळं तिथेच संपलं असतं.

"सर," बाबा म्हणाले, "एवढ्या वर्षांत मला इथं कुणी काही विचारलं नाही. आज विचारताय. तेही हिला गप्प करायला."

सरांनी माईक खाली घेतला.

"चिठ्ठ्या घ्या," बाबा म्हणाले आणि बसले.

नागोजी अण्णा उठले. स्वयंपाकघरातून पोह्यांचा रिकामा डबा आणला आणि धाडकन टेबलावर ठेवला. "सरी. ह्यात टाका." आता नाही म्हणायला कुणाला जागाच उरली नाही. वहीची पानं फाडली गेली. लोक एकेक करून कोपऱ्यातल्या पडद्यामागे जाऊन लिहून येऊ लागले. नाटकाला लावतात तो पडदा. बायका गेल्या, काकू गेल्या, इयरफोनवाली पोरं गेली. पडद्यामागून बाहेर येणाऱ्या चेहऱ्यांवर काही वाचता येत नव्हतं. त्यासाठीच तर तो होता.

मी हरले.

दोन जणांनी चिठ्ठ्या मोजल्या, सरांच्या कानाला लागले, सरांचा चेहरा खुलला. "झालं! आपले नवे सचिव निवडून आले आहेत. टाळ्या! आता कटुता विसरून जेवायला चला." आणि शेजारी इतिवृत्त लिहिणाऱ्याला म्हणाले, "लिही, सर्वानुमते निवड झाली."

लोक उठायला लागले. खुर्च्या सरकल्या. तिकडे वरणभाताचा वास. आणखी एक मिनिट गेलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं. जणू मी उभीच राहिले नव्हते.

"आकडा वाचा," मी म्हणाले.

"कशाला उगाच? निकाल कळला ना?"

"आकडा वाचा, सर. आणि सर्वानुमते लिहू नका. मतदान झालं असं लिहा. दोन्ही नावं लिहा."

"तुलाच वाईट वाटेल."

"माझं मी बघते. वाचा."

मी टेबलासमोर जाऊन उभी राहिले. बाजूला झाले नाही. सायली माझ्या शेजारी आली. नागोजी अण्णा आले. जेवायला निघालेले लोक दारात थांबले. सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"त्याला एकाहत्तर," ते म्हणाले. "तुला सव्वीस."

सव्वीस.

माझं एक. बाबांचं, सायलीचं, अण्णांचं. चार मला माहीत होती. बावीस कुणाची? कालपर्यंत ज्यांनी फोनवर फूट पाडू नकोस म्हटलं त्यांच्यातली? त्या दिवशी उकडीत मान घालून बसलेल्या बायकांची? मला माहीत नाही. मी कधी विचारणारही नाही. त्या बावीस जणांनी तोंडाने मला एक शब्द दिला नाही. पडद्याआड मत दिलं. ते भित्रे आहेत असं कुणी म्हणेल. म्हणू दे. भित्र्या माणसालाही मत देता यावं म्हणून तर पडदा लागतो.

खाली गाड्या लावतात तिथे काकूंनी मला गाठलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरं पाणी. "का गं एवढं ताणलंस? मागितलं असतंस तर दिलं असतं आम्ही."

"म्हणून मागितलं नाही," मी म्हणाले.

त्यांना ते कळलं नाही. त्यांना कळावं म्हणून मी थांबलेही नाही.

त्यानंतर मंडळात आम्हाला कुणी तोडलं नाही आणि जवळही केलं नाही. काही जण बोलतात, काही जण फोनमध्ये बघत पुढे जातात. बाबांचा रविवार अवघड झालाय, हे मी नाकारत नाही. त्यांना आता तिथे काही काम नाही, आणि बिनकामाचं बसायची त्यांना सवय नाही. त्याचं मला दुःख आहे. ते मी कुणावर ढकलत नाही. पण अर्ज मागे घेतला असता तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलं नाही.

पुढच्या सभेला माझा अर्ज जाणार आहे. त्याच्या पुढच्या सभेलाही जाईल. मंडळाने आता परंपरेचं वाक्य बदलून घ्यावं, ते खोटं झालंय. मला समितीत घेऊ नका. मला कन्या म्हणू नका. मला पाडायचं असेल तर खुशाल पाडा. पण मत देऊन पाडा, आणि किती मतांनी पाडलं ते सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचा.